बिनसाखरेचा पेला

ही गोष्ट सांगायची मी सात वर्षं टाळली. टाळायला फार कष्ट पडले असंही नाही, कारण कुणी विचारलंच नाही. आमच्या घरात या गोष्टीचं दुसरंच एक रूप फिरत असतं. ते सगळ्यांना पाठ आहे, लग्नकार्यात पंगतीला बसल्यावर ते हसत हसत सांगितलं जातं, आणि त्यात मी शहाणा ठरतो. आपल्याला शहाणं ठरवणारी गोष्ट मोडायला माणूस आपण होऊन कशाला जाईल?

परवा मात्र पुण्याहून मंजूचा, माझ्या मुलीचा, निरोप आला. जावयांच्या रक्तात साखर निघाली आहे. 'बाबा, आईला तुम्ही रोज करून द्यायचात ती स्मूदी कशी करायची ते नीट लिहून पाठवा, प्रमाणासकट. आईची साखर त्यानंच उतरली होती ना.' खाली हात जोडल्याचं चित्र.

मी फोन पालथा ठेवला आणि बाजारात गेलो. थंडी सरत आली की सातपूरच्या बाजारात दरवर्षी जे होतं ते झालेलंच होतं. द्राक्षांच्या हातगाड्यांवर मधमाश्या, आणि शेजारी मोसंबीचे ढीग. अर्धी हिरवी, अर्धी पिवळी, सालीवर खरबरीत डाग. तो वास नाकात गेला की लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. माझ्याही सुटतं, पण ओकारी येण्याआधी सुटतं तसलं.

चार मोसंबी आणि चार लिंबं घेऊन घरी आलो. ओट्याखालच्या कपाटातून रस काढायचा ॲल्युमिनियमचा साचा काढला. तीन वर्षांत त्याला कुणी हात लावलेला नव्हता. त्याच्या बिजागरीत एक वाळलेली बी अडकून राहिली होती. नखानं काढायला गेलो तर तिचा भुगा झाला.

कृती साधी आहे. अर्ध्या मोसंबीचा रस, एका लिंबाचा रस, दोन मोठे चमचे चक्का, दोन चमचे दुधावरची घट्ट साय, चमचाभर भिजवलेला सब्जा, चिमूटभर मीठ आणि लागेल तसं पाणी. साखर नाही, गूळ नाही, मध नाही. सगळं मिक्सरमधून फिरवायचं. तो कागद मंजूनंच एका आहारवाल्या बाईंकडून आणला होता. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'लो-कार्ब, मलईदार'. 

मला लहानपणापासून सायीची किळस आहे. चहावर धरलेली साय ओठाला लागली तर माझा घास दिवसभर घशाशी राहतो. आणि त्या पेल्यात तर साय आणि आंबट रस एकत्र. मिक्सरचं झाकण उघडलं की आत जे दिसतं त्याला धड रंग नसतो. जुन्या दवाखान्याच्या भिंतींना असतो तसला, पिवळा म्हणावा तर मळका, पांढरा म्हणावा तर आजारी. आंबटानं साय फाटते, तिचे बारीक दाणे होतात आणि कडेला चिकटून बसतात. फुगलेला सब्जा त्यात बेडकाच्या अंड्यांसारखा लोंबत असतो. मिक्सरच्या रबरी चकतीत आदल्या दिवशीच्या लसणाच्या चटणीचा वास मुरलेला असतो, तोही त्यात उतरतो. पेला रिकामा झाला तरी आतून एक तुपकट पापुद्रा राहतो, तो गार पाण्यानं जात नाही.

हे सगळं मी पाहायचो, हुंगायचो, आणि माझ्या बायकोपुढे धरायचो. स्वतः एक घोटही कधी घेतला नाही.

विमल, माझी बायको, घरी शिवणकाम करायची. आमच्या वसाहतीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाऊज तिच्या हातचे. शिंप्याकडे कापड टाकलं की उरलेला तुकडा परत येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि कुणी विचारतही नाही. विमलकडून यायचा. ब्लाऊजच्या घडीत उरलेल्या कापडाची सुरळी ठेवलेली असायची, करंगळीएवढी चिंधी असली तरी. मी एकदा हसलो होतो. एवढ्याशा चिंधीचं त्या काय करणार? ती म्हणाली, 'त्यांना काय करायचं ते त्या करतील. माझी नाही ती.' इतकं सरळ तिचं खातं होतं.

सात वर्षांपूर्वीच्या संक्रांतीनंतर तिला सुईत दोरा ओवता येईना. डोळ्यांपुढे धुरकट दिसतं म्हणाली. तपासलं तर साखर भलतीच वाढलेली. डॉक्टरांनी पथ्य सांगितलं, मंजूनं तो कागद आणून दिला, आणि मी नुकत्याच कामाला लावलेल्या माणसासारखा उठून उभा राहिलो. निवृत्त होऊन मला पाच वर्षं झाली होती. पाच वर्षांत कुणी मला काही तपासायला दिलं नव्हतं.

माझी सगळी नोकरी सातपूरच्या एका कारखान्यात गेली, आवक माल तपासणीत. बाहेरच्या लहान वर्कशॉपमधून सुटे भाग यायचे. ते मोजून, मापून, चांगल्याला हिरवी चिठ्ठी आणि वाईटाला लाल चिठ्ठी बांधायची, हे काम. नव्या पोरांना मी एकच गोष्ट घोकवायचो. आलेल्या मालासोबतच्या कागदावर काय लिहिलंय ते वाचायचं नाही, हातात काय आलंय ते बघायचं. माझ्या निरोप समारंभात साहेबांनी भाषणात हेच वाक्य म्हणून दाखवलं होतं. टाळ्या पडल्या होत्या.

पहिला आठवडाभर मी साच्यात मोसंबी दाबून घरीच रस काढला. पण तो ओंगळपणा मला सोसेना. साच्याच्या कडांतून रस कोपरापर्यंत ओघळायचा, बोटांच्या पेरांत चिकटायचा, चोथ्यावर चिलटं यायची, सालींच्या तेलानं हाताला दिवसभर वास राहायचा. विमल म्हणायची, 'ठेवा, मी काढते.' पण मग तपासणी माझ्या हातात कुठे राहिली? बाजाराच्या तोंडाशी एक रसवाला उभा असायचा. सकाळच्या फेरीहून येताना मी त्याच्याकडून पिशवीत रस बांधून आणायला लागलो. रोज बजावून सांगायचो, साखर अजिबात नको. तो मान डोलवायचा, 'नाय साहेब, बिनसाखरेचाच हाय तुमचा.' साहेब म्हणायचा ते मला बरं वाटायचं.

कागदावर अर्धी मोसंबी लिहिली होती, आणि मी आणलेली पिशवी भरलेली असायची. मी ती दोनदा करून वापरायचो, अर्धी सकाळी, अर्धी दुपारी चारला. अर्ध्या मोसंबीची अर्धी पिशवी झाली, याकडे मी काणाडोळा केला. फळाचाच तर रस आहे, असं मनाशी म्हटलं. पहिली चूक ही, आणि ती मी डोळे उघडे ठेवून केली.

सकाळी उपाशीपोटी बोटाला सुई टोचून मी साखर बघायचो, वहीत लिहायचो, आणि मग पेला. ती स्वयंपाकघरातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसायची, मी समोर उभा. पदराचं टोक नाकाशी धरून ती पेला तोंडाला लावायची. घशाची घाटी वर जायची आणि खाली यायलाच तयार नसायची. डोळ्यांत पाणी यायचं. ओठावर सायीची पांढरी मिशी राहायची, ती पुसताना तिला शहारा यायचा, आणि तो बघून मला.

'फाटलेलं दूध आपण मोरीत ओततो,' ती एकदा म्हणाली. 'तुम्ही मला प्यायला देता.'

'औषध आहे ते.'

'चाखून बघितलंत का तुम्ही?'

'मला कुठे साखर आहे?'

त्यावर ती हसली होती. तेव्हा ती अजून हसायची.

चार-पाच दिवसांनी ती म्हणाली, 'अहो, हे गोड लागतंय.' मी म्हटलं, मोसंबी गोडच असते, हंगाम आहे तिचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाली, 'मोसंबीचं गोड नाही हे. जिभेवर राहतंय.' मी वहीतून मान वर केली नाही. आणखी एका सकाळी तिनं मला मोरीजवळ नेऊन तिथला पेला दाखवला. तुपकट कडेवर मुंग्यांची रांग लागली होती. 'बिनसाखरेच्या पेल्याला मुंग्या कशा हो लागतात?' मी म्हटलं, सायीला लागल्या असतील. आणि गरम पाण्याची धार सोडून सगळ्या मुंग्या वाहून लावल्या. पुरावा वाहून लावला, असं आज म्हणतो. तेव्हा मी नुसता पेला धूत होतो.

वहीतला आकडा उतरायच्या ऐवजी चढत होता. भात बंद होता, बटाटा बंद होता, चहा बिनसाखरेचा होता, रोज दोन पेले तिच्या घशाखाली जात होते, तरी चढत होता. आवक मालात दोष निघाला की तो कुठून आला हे आधी शोधायचं, असा आमचा नियम. मी शोधला तो तिच्यात.

ती शेजारी ब्लाऊज द्यायला गेली की मी डबे उघडायला लागलो. रवा, साबुदाणा, डाळी. आणि एका दुपारी तांदळाच्या पिंपात हात कोपरापर्यंत घातला तर कापडात गुंडाळलेला एक डबा हाताला लागला. आत तिळाच्या वड्या होत्या. संक्रांतीच्या. वेलदोड्याचा वास येत होता. मी त्या मोजल्या आणि होत्या तशा पुरून ठेवल्या. दोन दिवसांनी पुन्हा मोजल्या. तेवढ्याच. आणखी तीन दिवसांनी मोजल्या, तेवढ्याच.

या मोजणीबद्दल मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तीनदा मोजून एकही वडी कमी झालेली नव्हती. कारखान्यात असा माल मी हिरवी चिठ्ठी बांधून पुढे पाठवला असता. इथं मी म्हटलं, ही दुसरीकडून काहीतरी खात असणार.

महाशिवरात्रीच्या आधीच्या रविवारी मंजू आणि जावई आले. पंचवटीहून माझी थोरली बहीण, अक्का, आली. जेवणं झाली, ताटं उचलायची होती. मंजूनं विचारलं, आईची साखर काय म्हणतेय. मी उठलो, पिंपातून डबा काढला आणि ताटांच्या मधोमध ठेवला. झाकण उघडलं. कापडावरचे तांदळाचे दाणे ताटांत पडले, त्यांचा आवाज मला अजून ऐकू येतो. 'ही तुझ्या आईची साखर,' मी म्हटलं.

विमल माझ्याकडे बघत राहिली. तिच्या बोटांना आमटी लागलेली होती. मग मंजूकडे वळून म्हणाली, 'संक्रांतीला तू आली नव्हतीस. तुझ्यासाठी ठेवल्यात. मुंग्या लागू नयेत म्हणून तांदळात ठेवल्या. मी खाल्लेल्या नाहीत.'

अक्का म्हणाली, 'विमल, या वयात जिभेला आवर घालावा गं. दत्तू बिचारा रोज पहाटे उठून करतोय तुझ्यासाठी.'

विमल पुन्हा तेच म्हणाली, 'मी खाल्लेल्या नाहीत.'

आणि मंजू, आईची लाडकी मंजू, थकलेल्या आवाजात म्हणाली, 'आई, खाल्ल्यास तर खाल्ल्यास. खोटं तरी नको ना बोलूस.'

विमल उठली. बेसिनशी जाऊन तिनं हात धुतले, बराच वेळ धुतले. मग येऊन डब्याचं झाकण लावलं आणि डबा मंजूच्या पिशवीत ठेवला.  चार वाजता मी पेला समोर धरला तो तिनं पदर नाकाशी न धरता, एका दमात रिकामा केला. मला वाटलं, आली वळणावर.

आठवड्याभरानंतर मी नेहमीपेक्षा लवकर फेरीला निघालो होतो. रसवाला गाडी लावत होता. गाडीखाली आदल्या दिवशीच्या सालींचा लगदा कुजत पडला होता, त्यावर माश्यांचा थर. भिजलेल्या गोणपाटात बर्फाची लादी. त्याची माझ्याकडे पाठ होती. त्यानं एका तेलाच्या जुन्या डब्यातून जाडसर, पिवळट काहीतरी रसाच्या मोठ्या भांड्यात ओतलं. तार धरून पडत होतं ते. मग यंत्रात मोसंबी घालून तो त्यावर रस पाडायला लागला.

मी विचारलं, हे काय ओतलंस?

'पाक हाय साहेब. यंत्रात बिया चिरडत्यात, लय कडू लागतं. थोडा टाकावाच लागतो.'

'मी रोज सांगतो, साखर नको म्हणून.'

'नाय टाकत की. बाकीच्यांना वरून चमचाभर टाकतो, तुम्हाला नाय टाकत. ह्ये तर भांड्यातच असतंय, समद्यांना सारखं.' त्याला खरंच कळत नव्हतं मी काय विचारतोय ते.

'कधीपासून?'

'पहिल्यापासून.' आणि पिशवी भरून, दोरा गुंडाळून त्यानं नेहमीसारखी माझ्या हातात दिली.

मी ओरडलो नाही. ओरडायला हवं होतं, चार माणसं जमवायला हवी होती, असं मला नंतर वाटलं. पण चार माणसं जमली असती तर त्यातलं एखादं आमच्या वसाहतीतलं निघालं असतं, आणि ही गोष्ट माझ्याआधी घरी पोहोचली असती. पुढचे विचार मी किती लवकर केले, याची मला आज शिसारी येते. पिशवी घेऊन मी चालायला लागलो. रस्त्याच्या कडेच्या करंजाच्या बुंध्याशी ती फोडून रिकामी केली. बोटं चिकट झाली. ती मी तोंडात घातली, आयुष्यात पहिल्यांदाच. गोड होतं. लहान मुलालाही कळलं असतं इतकं गोड. जिभेवर राहत होतं.

दुसऱ्या दिवशी त्याच झाडाखालून गेलो तर जमीन काळी झाली होती, मुंग्यांनी.

मी पुन्हा साचा काढला. अर्धी मोसंबी, एक लिंबू, कागदावर होतं तसं. कोपरापर्यंत ओघळ आले तरी हात पुसला नाही. विमलनं पहिला घोट घेतला, थांबली. दुसरा घेतला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, 'आज गोड नाही.'

मी म्हटलं, 'हंगाम संपत आला ना.'

 ती पेला ठेवून मशीनवर जाऊन बसली. तिला कळलं असेल का? सात वर्षं मी हाच प्रश्न वेगवेगळ्या बाजूंनी मोजतोय. ओट्यावर साचा होता, साली होत्या, पिशवी नव्हती. चिंधीचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला एवढं कळणार नाही?

आकडा उतरायला लागला. पावसाळ्याच्या तोंडावर तिच्या सुईत पुन्हा दोरा जायला लागला. मंजू फोनवर हसून म्हणाली, 'बघितलंस आई, बाबांनी डबा पकडला म्हणून वाचलीस.' अक्कानं ही हकिकत पंचवटीतल्या सगळ्या नातलगांना सांगितली. आमच्या दत्तूनं कसा तांदळात हात घातला, कसा चोर पकडला. पंगतीत ती गोष्ट निघाली की लोक माझ्या पाठीवर थाप मारायचे. मी नको नको म्हणायचो. नको म्हणतानाही माझ्या चेहऱ्यावर हसू असायचं. विमल वाढत असायची. जिलबीचं ताट घेऊन ती पंक्तीतून फिरायची आणि माझ्या पानापाशी आली की जिलबी वाढून पुढे जायची. मी ती खायचो.

त्या रविवारनंतर तिनं गोड तोंडात घातलं नाही. एखादा घास चालेल असं डॉक्टर म्हणाले होते, तरी नाही. मंजूच्या मुलीच्या बारशालासुद्धा नाही. कुणी प्रसादाचा पेढा, चिमूटभर शिरा हातावर ठेवला तर ती तो कपाळाला लावायची, शेजारच्या बाईला द्यायची, आणि मग माझ्याकडे वळून तळहात उघडून धरायची. रिकामा आहे हे मला दिसेपर्यंत. चिडून नाही. जशी ब्लाऊजच्या घडीत ती कापडाची सुरळी ठेवायची, तितक्याच सहज. सुयांनी टोचलेली बोटं आणि मधे कोरडा तळहात. देवळात, लग्नात, शेजारच्या सत्यनारायणाला. चार वर्षं.

एकदाही मी तो हात धरून मिटवला नाही. मान हलवायचो. हिरवी चिठ्ठी बांधल्यासारखी.

आज दुपारी मी हे सगळं साग्रसंगीत केलं. मोसंबी दाबली, लिंबू पिळलं, चक्का घातला, साय चमच्यानं उचलली तेव्हा ती पातेल्याच्या कडेपर्यंत लोंबत आली आणि माझी मान आपोआप वळली. मिक्सर फिरवला. तिच्याच स्टीलच्या पेल्यात ओतलं आणि तिच्याच खुर्चीत बसलो. पहिल्या घोटाला लिंबाचा कडवटपणा, त्यामागून थंड तुपकट सायीचा गोळा, आणि जिभेखाली सब्जा सुळसुळला. घशानं दार लावून घेतलं. नाकातून पाणी आलं. मी अर्धा पेला प्यायलो आणि मोरीकडे धावलो. बाहेर आलं त्याचा वास आणखी वाईट होता. ती हे रोज दोनदा पोटात ठेवत होती, आणि समोर मी वही घेऊन उभा असायचो.

मंजूला प्रमाण लिहून पाठवलं आहे. अर्धी मोसंबी, घरी पिळलेली, बाहेरून आणलेला रस नाही. करणाऱ्यानं आधी स्वतः प्यावं, असंही लिहिलं आहे. त्याखाली हे सगळं पाठवतो आहे. मंजू, तू त्या दिवशी आईला जे बोललीस ते माझ्यामुळे बोललीस. ते तुझ्या वाट्याचं नव्हतं. पंचवटीच्या घरी हे मोठ्यानं वाचून दाखव. अक्काला कमी ऐकू येतं, पण तिलाही ऐकव.

विमलला मात्र ऐकवायचं राहिलं. ऐकवता आलं असतं.

तीन वर्षांपूर्वी ती दवाखान्यात होती. छातीत कफ धरला होता, साखरेचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. दुपारचे चार वाजले असतील, पेल्याची वेळ. मी एक वाक्य बांधून नेलं होतं. सकाळपासून, रिक्षात, जिन्यात, औषधांच्या रांगेत ते पुन्हा पुन्हा म्हणून बघत होतो. लहान होतं. त्यात पाक नव्हता, साचा नव्हता, रसवाला नव्हता.

पलीकडच्या खाटेवरची बाई घरी निघाली होती. तिचा मुलगा सगळ्यांना पेढे वाटत आला आणि त्यानं एक विमलच्या हातावर ठेवला. तिला उठून बसता येत नव्हतं. पेढा तिनं कसाबसा कपाळाला लावला. तिनं तो माझ्या ओंजळीत टाकला. मग नळी लावलेला तो हात तिनं पांघरुणावर उलटा केला आणि बोटं एकेक करून उघडली. तळव्यावर पेढ्याचा थोडा तुपकट डाग होता. तिला तो दिसला असावा. चादरीला पुसून तिनं हात पुन्हा उघडा धरला आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी वाक्यासाठी तोंड उघडलं. म्हणालो, 'पाणी देऊ का?'

तिनं मान हलवली, हो. मी चमच्यानं पाणी दिलं. तिनं डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहोचलो तेव्हा रिकाम्या खाटेवरची चादर बदललेली होती.

वाक्य एवढंच होतं. विमल, तू खाल्लं नव्हतंस. मला माहीत होतं. मला क्षमा कर.